पिवळ्या मल्टिमीटरचे आठ महिने आणि २६८ व्होल्टचं प्रकरण

मीटर तोच, व्होल्ट वगैरे मोजायचा पिवळा डीटी-८३०डी, इलेक्ट्रिकच्या दुकानात दोरीला टांगलेला असतो तो. २२० सांगितले, २०० ला घेतला. फेब्रुवारीत मी याला रिव्ह्यूत पाचपैकी एक तारा देऊन मोकळा झालो होतो. आज ते बदलतोय, पण पूर्ण नाही.

पहिले काही महिने मजा आली. ७५० व्होल्ट एसीच्या रेंजला रोज रात्री सॉकेट तपासायचं आणि डायरीत आकडा लिहायचा. डिसेंबरात २३५, जानेवारीत २४४, मग २५३. वीज हळूहळू चढतेय म्हणून मी रीतसर तक्रार केली, सोबत डायरीचा फोटो. मग एका रात्री २६८! घरच्या विजेची मर्यादा २३० व्होल्टला सहा टक्के वर-खाली, म्हणजे २१६ ते २४४, एवढं मला पाठ. फ्रीज, टीव्ही, सगळं बंद केलं. सकाळी अर्धा लिटर दूध नासलेलं. त्यावर घरात जे ऐकलं ते इथे लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याच्या मीटरवर २३६, माझ्यावर २६८. मी म्हटलं, तुझाच बिघडलाय. तो वाद न घालता म्हणाला, "काका, घड्याळाचा नवा सेल आहे का घरात?" होता. माझ्या मीटरवर त्या दीड व्होल्टच्या सेलचे भरले १.८२. "मीटर उपाशी आहे तुमचा. आतली बॅटरी बदला."

नऊ व्होल्टची बॅटरी उतरली की हा मीटर कमी नाही, जास्त दाखवतो! तो आतल्या एका ठरलेल्या व्होल्टेजशी तुलना करून मोजतो. बॅटरी सातच्या खाली गेली की ते मापच खाली येतं. झिजलेल्या वजनाने तोललं की माल जास्त भरतो, तसं. कोपऱ्यात बॅटरीची खूण येते म्हणे. आली असेल, चष्म्याशिवाय मला दिसली नाही. आणि हा आपोआप बंद होत नाही. चकती 'ऑफ'वर फिरवायची राहिली की रात्रभर बॅटरी खातो. बदलायला पाठीचे दोन स्क्रू. २०० च्या वस्तूत बॅटरीला साधं झाकण देता आलं नाही? माझा खरा राग यावर आहे.

नवी बॅटरी टाकली, २३५. वायरमनला चहा पाजला.

मग मार्चमध्ये याच मीटरने उपकार केले. गीझरच्या सॉकेटात फेज-न्यूट्रल २३३, पण फेज-अर्थ (अर्थ म्हणजे शॉक लागू नये म्हणून जमिनीला जोडलेली तार) फक्त १४०. दोन्ही जवळपास सारखे यायला हवेत. यावेळी आधी सेल तपासला, १.५९, नव्या सेलला एवढे येतातच, म्हणजे मीटर ठीक. मागे जाऊन पाहिलं तर अर्थिंगच्या पाइपावरचा क्लॅम्प गंजून तार सुटलेली, नुसती टेकलेली. किती महिने आम्ही तसेच आंघोळ करत होतो कोण जाणे. इलेक्ट्रिशियनने नवीन क्लॅम्प लावला, आता २३२.

एक सांगतो, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिली असेल तर सॉकेटात घालू नका. त्या भोकाला फ्यूजच नाही.

तीन तारे. चौथा झाकणासाठी कापला, पाचवा दुधासाठी. बॅटरी आता काम झालं की काढतो आणि रबर लावून मीटरच्या पाठीला बांधतो. ते दोन स्क्रू केव्हाच हरवलेत.