पॉवरपॉइंटचा ‘स्पीकर कोच’: वक्त्यांच्या तालमीला कितपत कामाचा?

टेक कॉन्फरन्सला बोलणारे बहुतेक जण इंजिनिअर. विषय हातखंडा, पण माइकसमोर उभं राहायची सवय नाही. वीस-पंचवीस वक्त्यांची प्रत्येकी तासभर तालीम घेणं आयोजकांच्या आवाक्याबाहेरचं. मग निदान पहिली फेरी पॉवरपॉइंटमध्ये आपलं बोलणं ऐकून वेग आणि सवयी दाखवणाऱ्या ‘स्पीकर कोच’वर सोपवावी का? खुशाल सोपवा. दुसरी मात्र नको.

‘स्लाइड शो’ टॅबमध्ये ‘रिहर्स विथ कोच’ दाबायचं, माइकला परवानगी द्यायची आणि बोलायला लागायचं. इंटरनेट हवंच. बोलताना कोपऱ्यात सूचना उमटत राहतात. त्या वाचायच्या नादात वाक्य तुटतं, म्हणून त्या बंद ठेवून शेवटचा अहवालच बघावा. पण अहवालाची खिडकी मिटली की तो गेला, कुठेही साठत नाही. वक्त्यांना आधीच बजावा: स्क्रीनशॉट काढा, मगच बंद करा.

सगळ्यात उपयोगी भाग वेगाचा. मिनिटाला 100 ते 165 शब्द, अशी त्याची शिफारस आहे. 140 धरले तर 25 मिनिटांत 3,500 शब्द. कुणी 5,000 शब्दांचं टिपण लिहून आणलं असेल, तर कात्री कुठे लावायची ते तालमीआधीच ठरवता येतं. फक्त सरासरीवर जाऊ नका. घाबरलेला वक्ता पहिल्या तीन मिनिटांत सुसाट सुटतो, पुढे रेंगाळतो आणि सरासरी छान दिसते. वेगाचा आलेख बघा.

स्लाइडवरचा मजकूर जसाच्या तसा वाचला, की तो पकडतो. ‘बेसिकली’, ‘ॲक्चुअली’सुद्धा मोजतो. आपल्या ‘म्हणजे’, ‘काय आहे ना’ला मात्र मोकळं रान, आणि मराठी भाषणाला तर तो चालतच नाही.

कुठल्या स्लाइडवर किती वेळ गेला, हे हवं असेल तर डेस्कटॉप आवृत्तीतलं ‘रिहर्स टायमिंग्ज’ वापरा. ते वेगळं बटण आहे आणि खरं तर जास्त उपयोगी.

बाकी जे अंगाशी येतं, ते त्याला दिसतच नाही. 14 पॉइंटातला कोड शेवटच्या रांगेतून मुंग्यांसारखा दिसतो. 24च्या खाली जाऊ नका. काळ्या पार्श्वभूमीवरचा करडा मजकूर फिकट प्रोजेक्टरवर विरून जातो. हॉलचं वायफाय बसलं की डेमो बसला, म्हणून डेमोचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवरच ठेवायला सांगा. प्रेक्षकातून आलेला प्रश्न माइकवर पुन्हा म्हणायची सवयही माणसानेच लावायची.

म्हणून कार्यक्रमाच्या दोनेक आठवडे आधी कोचचे स्क्रीनशॉट मागवा आणि आदल्या दिवशी प्रत्यक्ष मंचावर प्रत्येकाची दहा मिनिटं घ्या: स्वतःचा लॅपटॉप, स्वतःचा अडॅप्टर, लावलेला कॉलर माइक. गळ्यातलं ओळखपत्र काढायला लावा. ते माइकवर घासतं आणि दर पावलाला स्पीकरमधून खरखर येते.