जुन्या लॅपटॉपसाठी स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हब: सहा महिन्यांच्या वापरानंतर

पाचपाखाडीतल्या आमच्या गृहनिर्माण संस्थेचे दप्तर २०१० सालच्या, विंडोज ७ वर चालणाऱ्या लॅपटॉपवर आहे आणि नवा घेण्याचा ठराव दर वर्षी पुढच्या सभेवर ढकलला जातो. यंदा जुनी इतिवृत्ते आणि नामनिर्देशनाचे अर्ज बाहेरून स्कॅन करून घेऊन एक टीबीच्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर भरून आणले. ती डिस्क या लॅपटॉपला जोडली की दिवा लागे, जोडणीचा आवाज येई आणि तीन-चार सेकंदांत डिस्क नाहीशी होई. टेबलावर तशीच ठेवून (फिरती डिस्क उचलून कानाशी नेऊ नये) कान जवळ नेला, तर आतली तबकडी गुरगुरत वेग घेऊ लागे, ‘टक्’ असा आवाज होई आणि पुन्हा पहिल्यापासून तेच.

एका दुरुस्तीवाल्याने हा आवाज ऐकताच, ‘‘काका, वाटेत धक्का लागलेला दिसतोय, हेड गेलंय,’’ म्हणजे तबकडी वाचणारा भाग बिघडला, असे सांगून माहिती परत मिळवण्याचा आठ हजारांचा अंदाज दिला. त्याने ती दुसऱ्या संगणकाला लावून पाहिली नव्हती. शेजाऱ्यांच्या डेस्कटॉपला मागच्या बाजूने लावताच ती निमूट उघडली आणि ‘स्मार्ट’ तपासणीत (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, ती पाहिली) एकही सेक्टर, म्हणजे तबकडीवरचा माहितीचा कप्पा, खराब निघाला नाही.

डिस्क उपाशी होती, एवढेच. यूएसबी २.० च्या पोर्टने ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर द्यावेत, ३.० च्या पोर्टने ९००, असा नियम आहे. अशा अडीच इंची डिस्कला स्वतंत्र वीज नसते आणि तबकडीला गती देताना ती काही क्षण नेहमीपेक्षा बराच जास्त प्रवाह मागते, जो जुने पोर्ट, त्यातून लांब आणि बारीक केबल असेल तर, पुरवू शकत नाही. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये रूट हबच्या (लॅपटॉपमधल्याच यूएसबी पोर्टांची ही नोंद) ‘पॉवर’ या पानावर डिस्कची गरज ५०० मिलिअँपिअर एवढीच दिसत होती, पण तो आकडा डिस्कने स्वतः जाहीर केलेला असतो. अर्जात लिहिलेले उत्पन्न आणि घरातला खर्च यांत जेवढा मेळ असतो, तेवढाच इथेही धरावा.

म्हणून ठाणे स्थानकाजवळच्या एका दुकानातून चार पोर्टचा, बिनब्रँडचा हब ९०० रुपयांना घेतला; हा एका पोर्टचे चार करतो आणि डिस्कला वीज लॅपटॉपऐवजी स्वतःच्या अ‍ॅडॉप्टरमधून देतो. पहिला नग परत करावा लागला. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, तरीही हबचा अ‍ॅडॉप्टर चालू करताच लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टमधल्या माउसचा तांबडा दिवा पेटला! याचा अर्थ हब वीज उलटी लॅपटॉपमध्ये ढकलत होता, आणि स्वस्तातल्या हबमध्ये हा दोष आढळतो. दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिला. ही चाचणी दुकानातच करून घ्यावी आणि अ‍ॅडॉप्टरवरचा आकडाही वाचावा. माझ्या अ‍ॅडॉप्टरवर ५ व्होल्ट, २ अँपिअर लिहिलेले आहे, जे एका डिस्कला आणि पेनड्राइव्हला पुरेसे होते, पण दोन डिस्क एकदम सुरू करण्याचे धाडस मी करत नाही.

बदललेल्या हबवर डिस्क पहिल्याच खेपेला फिरली. तरीही ‘कॉम्प्युटर’मध्ये ती दिसेना, कारण तिला मिळालेले ड्राइव्हचे अक्षर (ई, एफ यांसारखे) जुन्या नेटवर्क ड्राइव्हने अडवून ठेवले होते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन दुसरे अक्षर दिले आणि काम झाले. तिथे फॉरमॅट करण्याबद्दल विचारणा झाली, तर घाईने होकार देऊ नये.

हबवर ३.० लिहिलेले असले तरी लॅपटॉपचे पोर्ट २.० असल्यामुळे वेग तेवढाच राहतो. सेकंदाला तीसेक एमबीच्या हिशेबाने ३०० जीबी उतरवायला जवळजवळ तीन तास लागले. शिवाय, मला आधी न सुचलेली अडचण अशी, की वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण हब मात्र तत्काळ बंद पडतो आणि प्रत चालू असतानाच डिस्क तुटते. आमच्याकडे असे एकदा झाले आणि एक फाइल अर्धवट राहिली. तेव्हापासून हब कार्यालयातल्या इन्व्हर्टरच्या सॉकेटवर आहे.

एकच डिस्क आणि शेजारी-शेजारी दोन पोर्ट असतील, तर दोन्ही पोर्टमधून वीज घेणारी दोन तोंडांची केबल स्वस्त पडते. आमच्या लॅपटॉपचे पोर्ट दोन बाजूंना आहेत, तिथे ती पोचतच नव्हती. डिस्क खरोखरच नादुरुस्त असेल, म्हणजे चांगल्या संगणकावरही टकटक करत असेल, तर हब घेऊन उपयोग नाही. ती वारंवार लावून पाहणेही थांबवावे.

हबला पाचपैकी चार गुण. एक गुण अ‍ॅडॉप्टरच्या हातभर वायरीसाठी आणि डोळ्यांत खुपणाऱ्या निळ्या दिव्यासाठी कापला आहे. दिव्यावर सध्या इलेक्ट्रिशियनची काळी पट्टी चिकटवलेली आहे.