रसायनशास्त्राच्या इतिहासाचा भिंतीवरचा तक्ता: एक चूक सोडली तर मस्त

भाचीसाठी मागवला आणि लावला माझ्याच टेबलासमोर. १८६९चा, मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हचा भाग झकास जमलाय: ॲल्युमिनियमच्या तोवर न सापडलेल्या भावंडासाठी मुद्दाम सोडलेली रिकामी चौकट, तिथून बाण थेट १८७५मध्ये सापडलेल्या गॅलियमकडे. फ्रेंच संशोधकाने त्याची घनता ४.७ मोजली; मेंडेलीव्हने तो धातू न बघताच कळवलं, पुन्हा मोजा, ५.९च्या आसपास यायला हवी. आली की! लाव्हाझिएने ज्वलनाचं कोडं सोडवलं, ते मात्र दोन ओळींत उरकलंय. आणि व्होलरने प्रयोगशाळेत युरिया बनवला, त्याचं साल १८२८ऐवजी चक्क १८८२ छापलंय. मी पेनाने खोडून दुरुस्त केलं. कागद जाड, पण इतका चकचकीत की दिव्याखाली खालचे दोन रकाने दिसतच नाहीत. तरी परत पाठवणार नाही. भाचीला दुसरा घेईन.