फ्लॉवर, कोबी, कोंजॅक की मूठभर खरा भात? लो-कार्ब व्हेज फ्राइड राइससाठी काय निवडावं

शिजलेल्या पांढऱ्या भातात दर १०० ग्रॅममागे साधारण २८ ग्रॅम कार्ब (कर्बोदकं) असतात. फ्राइड राइसची पोटभर प्लेट घेतली की २०० ग्रॅम भात सहज जातो, म्हणजे भाज्या आणि सॉस धरायच्या आधीच आकडा ५५ च्या वर गेला. तो खाली आणायचा तर भाताच्या जागी दुसरं काहीतरी हवं. पर्याय चिक्कार आहेत आणि प्रत्येकाचे भक्त "अगदी भातासारखंच लागतं" असं छातीठोकपणे सांगतात. लागत नाही. एकही नाही. तेव्हा तो प्रश्न सोडून द्यावा. पंधरा-वीस मिनिटांत चविष्ट काय होतं आणि खाल्ल्यावर दोन तासांत पुन्हा फ्रिज उघडावा लागत नाही, एवढंच पाहिलं तर निवड बरीच सोपी होते.

आधी दोन उमेदवार बाद करू. ब्राउन राइस शिजल्यावर १०० ग्रॅममागे २५ ग्रॅमच्या आसपास कार्ब देतो आणि किनोआ २१ च्या आसपास. दोन्हींत फायबर जास्त, दोन्ही चांगले, पण लो-कार्ब म्हणण्याजोगे नाहीत. भात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून वापरला तर त्यातला काही स्टार्च न पचणारा होतो हे खरं आहे. पण तो थोडाच, बाकीचे कार्ब होते तिथेच राहतात.

उरलेल्यांचे आकडे असे. सगळे १०० ग्रॅममागचे आहेत आणि ढोबळ आहेत.

| काय | कार्ब (फायबर धरून) | त्यातलं फायबर | तयारीचा व्याप |
|---|---|---|---|
| पांढरा भात, शिजलेला | २८ ग्रॅम | अर्ध्या ग्रॅमच्या आत | आदल्या दिवशी शिजवून गार करणं |
| फ्लॉवर, कच्चा | ५ ग्रॅम | २ ग्रॅम | किसणं, कोरडा करणं |
| कोबी, कच्चा | ६ ग्रॅम | २.५ ग्रॅम | फक्त चिरणं |
| ब्रोकोली, कच्ची | ६.५ ग्रॅम | २.५ ग्रॅम | देठ सोलणं, किसणं |
| कोंजॅक राइस (एका कंदाच्या पिठाचे दाणे), निथळलेला | ३ ग्रॅम | जवळपास सगळंच | धुणं, कोरडा भाजणं |
| घट्ट टोफू | २ ते ४ ग्रॅम | १ ते २ ग्रॅम | दाबून पाणी काढणं |

पाकिटावरचे आकडे वाचताना एक लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या लेबलवर कार्बच्या आकड्यात फायबर धरलेलं असतं, युरोपातल्या लेबलवर ते वेगळं काढलेलं असतं. त्यामुळे कोंजॅकसारख्या पदार्थाचे दोन पाकिटांवर दोन भलतेच आकडे दिसू शकतात आणि दोन्ही बरोबर असतात.

तक्ता पाहून कळतं की कार्बच्या बाबतीत फ्लॉवर, कोबी आणि ब्रोकोली यांच्यात निवडण्यासारखं काही नाही. एक-दीड ग्रॅमसाठी डोकं शिणवण्यात अर्थ नाही. फरक पडतो तो पाण्याने. फ्लॉवर आणि कोबीत सुमारे ९२ टक्के पाणी असतं. शिजलेल्या भातातही पाणी भरपूर असतं, पण ते स्टार्चने धरून ठेवलेलं असतं. भाजीचं तसं नाही. आचेने पेशी फुटल्या की पाणी सरळ कढईत उतरतं. कढईत पाणी आहे तोवर भाजीचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही आणि खरपूस रंग-वास यायला साधारण १४० अंश लागतात. म्हणून लो-कार्ब फ्राइड राइस बिघडतो तो जवळजवळ नेहमी एकाच कारणाने: परतायला घेतलेली भाजी स्वतःच्या पाण्यात उकडून निघते.

हे धरून चाललं तर फ्लॉवरची बाजू आधी पाहायला हवी, कारण बहुतेकांची पहिली उडी तिथेच पडते. चव सौम्य, सोया सॉस-आलं-लसूण जे घालाल ते अंगी लावून घेतो, आणि किसला की दाणाही भाताच्या आकाराचा पडतो. अडचण दाण्यातच आहे. मिक्सरमध्ये तुरे घालून बटण दाबून धरलं तर वरचे तुकडे मोठेच राहतात आणि तळाशी ओला लगदा होतो. मिक्सर वापरायचाच असेल तर भांडं निम्मंच भरा आणि क्षणभर फिरवून थांबा, पुन्हा फिरवा. चार-पाच झटक्यांत काम होतं. मला किसणीच बरी वाटते, मोठ्या भोकांची. दाणा एकसारखा पडतो, पेशी कमी चेचतात, साहजिकच पाणी कमी सुटतं. किसलेला फ्लॉवर स्वच्छ फडक्यावर पसरून दहा मिनिटं ठेवा, मग फडका गोळा करून दाबा. धुवायचा असेल तर किसण्याआधी धुवा. किसल्यावर धुतलात तर पुढची सगळी मेहनत फुकट.

परतताना कढई रुंद हवी आणि आच मोठी. चारशे ग्रॅम कीस मध्यम कढईत एकदम घातला की त्याचा थर जाड होतो, खालची वाफ वरच्या दाण्यांत अडकते आणि सगळंच ओलं पडतं. दोन घाण्यांत करा. घातल्यावर लगेच हलवायची घाई नको. मिनिटभर तसाच राहू द्या, खालून सोनेरी डाग पडले की उलटा. कान उघडे ठेवले तर घड्याळही लागत नाही. चर्र असा कोरडा, तीक्ष्ण आवाज येतोय तोवर परतणं चालू आहे. तो मंदावून रटरट ऐकू यायला लागली की पाणी सुटलं, आच वाढवा किंवा कढईतला निम्मा माल बाहेर काढा. झाकण अजिबात ठेवू नका. चार ते पाच मिनिटं पुरे. त्यापुढे दाणा मऊ पडतो आणि गंधकाचा तो कुबट वास बाहेर येतो, ज्याच्यामुळे अनेक जण फ्लॉवरला नावं ठेवतात. मीठ आणि सोया सॉस शेवटी. मीठ आधी पडलं की ते पाणी ओढून बाहेर काढतं.

फ्रोझन फ्लॉवर राइसचं पाकीट घेतलं तर किसायचं वाचतं, पण गोठताना बर्फाच्या कणांनी पेशी आधीच फाटलेल्या असतात. त्याला ताज्याचा कुरकुरीतपणा येत नाही. दोनच रस्ते आहेत: पूर्ण वितळू देऊन घट्ट पिळून काढा, नाहीतर गोठलेलाच, कोरड्या आणि कडकडीत तापलेल्या कढईत थोडा थोडा घाला आणि तेल वाफ ओसरल्यावर सोडा. अर्धवट वितळलेला घालणं सगळ्यांत वाईट.

कोबीला मात्र उगाच दुय्यम मानतात. यंत्र नको, फडका नको, एक सुरी पुरते. पानं बारीक लांब चिरायची, मग त्याच ढिगावर आडवी सुरी चालवायची, की तांदळाएवढे चौकोनी तुकडे पडतात. कोबी आचेवर फ्लॉवरपेक्षा उशिरा ढेपाळतो आणि कडा करपल्या की गोडसर लागतो, जे सोया सॉससोबत फार छान जुळतं. भाताचा भास मात्र कमी. तोंडात कच्चकन लागतो, मऊ दाण्याची अपेक्षा असेल तर नाराज व्हाल. कामावरून येऊन पंधरा मिनिटांत ताट वाढायचं असेल तर मी फ्लॉवरच्या आधी कोबीला हात घालेन. फ्लॉवरने पोट फुगतं अशी तक्रार असेल तर कोबी थोडा घेऊन पाहायला हरकत नाही, अर्थात तोही काही अगदी निर्दोष नव्हे.

ब्रोकोलीबद्दल थोडक्यात. तुरे किसले की हिरवा भुसा होतो, तो लगेच जळतो. किसायचा तो देठ, वरची जाड साल काढून. देठाचा दाणा फ्लॉवरपेक्षाही टणक आणि कोरडा पडतो. एका गड्ड्यात देठ असतो तरी किती, म्हणून ब्रोकोलीचा देठ फ्लॉवरमध्ये मिसळायला उत्तम, एकटा पुरा पडत नाही. तुरे भाजी म्हणून वरून घाला.

कोंजॅकची गोष्ट वेगळी आहे. सुरणाच्याच प्रजातीतल्या एका कंदाच्या पिठापासून हे दाणे करतात. त्यात जवळजवळ ९७ टक्के पाणी आणि उरलेलं मुख्यतः ग्लुकोमॅनन नावाचं फायबर. १०० ग्रॅममागे १० कॅलरींच्या आसपास, म्हणजे आकड्यांत याला तोड नाही. पाकीट उघडल्यावर मासळीसारखा वास येतो, तो पीठ घट्ट करायला वापरलेल्या चुन्याच्या निवळीमुळे. पाकिटातलं पाणी टाकून वाहत्या पाण्याखाली दोन मिनिटं धुतलं की बराच जातो. मग तेलाशिवाय कढईत घालून पाच-सात मिनिटं भाजायचं, दाणे कढईला घासून चिवचिवायला लागेपर्यंत. ही पायरी वगळली तर सॉस दाण्यावरून घसरून तळाशी साचतो. इतकं करूनही दाणा थोडा रबरासारखाच राहतो आणि स्वतःची चव शून्य. ज्यांना कार्बचा हिशोब अगदी काटेकोर ठेवायचाय त्यांनी घ्यावा. बाकीच्यांनी हौस म्हणून एकदा. फायबरची सवय नसेल तर पहिल्याच दिवशी मोठी प्लेट नको, पोट तक्रार करतं.

आता भुकेचा प्रश्न. फ्लॉवर, कोबी, कोंजॅक या तिन्हींची प्लेट डोंगराएवढी दिसते पण आत प्रथिनं आणि स्निग्धांश जवळपास नाहीत. भात काढून टाकला आणि जागी काही भरलं नाही की रात्री दहाला बिस्किटांचा पुडा उघडतो, आणि मग वाचवलेले कार्ब व्याजासकट परत येतात. घट्ट टोफू कुस्करून, तेलात तांबूस होईपर्यंत परतून घातला तर हा प्रश्न सुटतो. त्यात १०० ग्रॅममागे साधारण १२ ते १७ ग्रॅम प्रथिनं असतात, नेमका आकडा पाकिटावर पाहा. अंडं चालत असेल तर त्याहून सोपं: एकात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं आणि कार्ब एक ग्रॅमच्याही आत. नुसत्या टोफूचा 'राइस' मात्र मला जड वाटतो. निम्मा टोफू, निम्मा फ्लॉवर हे प्रमाण जमतं.

आणि मूठभर खरा भात? कट्टर लो-कार्बवाल्यांना पटणार नाही, पण मला हाच पर्याय बहुतेक घरांसाठी सगळ्यांत शहाणा वाटतो. ५० ग्रॅम शिजलेला, गार भात आणि १५० ग्रॅम फ्लॉवर: कार्ब २२ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पूर्ण भाताच्या निम्म्याहून कमी. चार दाण्यांत एक दाणा खरा असला तरी जीभ फसते, शिवाय भाजीचा ओलावा भात थोडासा शोषून घेतो. फ्लॉवर आधी वेगळा परतून कोरडा करा, भात शेवटच्या दोन मिनिटांत. भात शिजवल्यावर तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये गेलेला हवा. बाहेर रात्रभर राहिलेल्या भातात बॅसिलस सिरियस हा जिवाणू वाढतो आणि त्याचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही.

पाया, म्हणजे भाताच्या जागी काय घ्यायचं ते, ठरला तरी वरच्या भाज्यांवर नजर ठेवा, कारण हिशोब तिथे गुपचूप चुकतो. मक्याच्या दाण्यांत १०० ग्रॅममागे १९ ग्रॅम कार्ब, मटारात १४ ते १५, गाजर आणि कांद्यात ९ ते १०. फरसबीत ७, ढोबळी मिरचीत ५-६, मशरूममध्ये ३ ते ४. ५० ग्रॅम मका घातला म्हणजे २०० ग्रॅम फ्लॉवरच्या बरोबरीचे कार्ब आले. गाजर रंगापुरतं, मका नकोच, ढोबळी मिरची आणि मशरूम सढळ हाताने. सॉसमध्ये गोड चिली सॉस आणि केचप टाळा. सोया सॉसमध्ये कार्ब नगण्य, पण एका मोठ्या चमच्यात ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅमच्या आत आहे. सोया सॉस घातला की वेगळं मीठ बहुतेक लागतच नाही. गहू चालत नसेल तर लेबल पाहून घ्या, नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो.

दोघांसाठी करायची रीत सरळ आहे. ४०० ग्रॅम फ्लॉवर किंवा कोबी तयार ठेवा. मोठ्या चमचाभर तेलात आधी टोफू किंवा अंडं परतून बाजूला काढा. मग ढोबळी मिरची, फरसबी, मशरूम मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं, त्याही बाजूला. पुन्हा तेल, बारीक चिरलेलं आलं-लसूण दहा सेकंद, लगेच पाया दोन घाण्यांत. शेवटी सगळं एकत्र, सोया सॉस कढईच्या कडेने सोडायचा म्हणजे तो तापलेल्या लोखंडावर चटकन आटतो, मिरपूड, पातीचा कांदा, आणि आच बंद केल्यावर थोडं तिळाचं तेल. चार वेळा काढ-घाल करणं कटकटीचं वाटतं, पण एकदम घातलं तर सूप होतं. प्लेटमागे कार्ब १५ ते २० ग्रॅमच्या दरम्यान पडतात.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर जेवणातले कार्ब एकदम इतके कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. डोस तोच राहिला तर साखर नको तितकी खाली जाऊ शकते. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी कोबी आणि ब्रोकोली अचानक वाढवू नये, दोन्हींत व्हिटॅमिन के भरपूर असतं आणि ते या औषधाचा परिणाम कमी करतं. त्यांच्यासाठी फ्लॉवर बरा, त्यात ते बरंच कमी आहे.

जास्तीचा करून ठेवायचा विचार असेल तर परतलेला ठेवू नका, दुसऱ्या दिवशी डब्याच्या तळाशी पाणी जमतं. किसलेला कच्चा फ्लॉवर कागदी रुमाल घातलेल्या डब्यात दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये नीट राहतो. डबा उघडल्यावर वास येतो, पण कढईत पडला की जातो.