डिजिटल रेडिओ आत्ता घ्यावा की थांबावं?

आईचा ट्रान्झिस्टर बंद पडला आणि घरात विषय निघाला: नवा घ्यायचाच आहे तर डिजिटल का नको?

आपल्याकडे सध्या डिजिटल म्हणजे डीआरएम (डिजिटल रेडिओ मोंडियाल) हे प्रसारणाचं तंत्र. आकाशवाणीने मीडियम वेव्हसाठी या तंत्राचे 35 ट्रान्समीटर बसवले आहेत. पल्ला मीडियम वेव्हचा आणि आवाज जवळजवळ एफएमचा, हे त्याचं मोठं बळ. एफएम डोंगराआड अडतं, म्हणून कोकणात आणि घाटात याचं मोल जास्त.

पण साध्या सेटची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आईच्या उशाशी एलईडी दिवा लागला की मीडियम वेव्हवर घरघर सुरू व्हायची. ती सेट थोडा आडवा फिरवायची, घरघर कमी व्हायची, बातम्या कळायच्या. डिजिटलमध्ये घरघर नसते. सिग्नल पुरेसा असेपर्यंत आवाज स्वच्छ, त्याखाली गेला की थेट शांतता. कानाने अंदाज घेत सेट फिरवण्याची सोय राहत नाही. शिवाय डीआरएमचे सेट महाग आहेत आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत.

पुढचंही ठरलेलं नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, 13 शहरांत खासगी एफएमसोबत डिजिटलही सुरू करावं आणि देशभर एकच तंत्र ठेवावं, अशी शिफारस केली. मुंबई, पुणे, नागपूर त्यात आहेत. स्पर्धा डीआरएम आणि एचडी रेडिओ या अमेरिकेतल्या डिजिटल तंत्रात आहे. एचडी रेडिओची निवड झाली, तर आजचा डीआरएम सेट या शहरी वाहिन्यांसाठी कुचकामी. परदेशातून कोणी डॅबचा, म्हणजे युरोपात चालणाऱ्या डिजिटल तंत्राचा, सेट आणणार असेल तर आधीच नको म्हणा. इथे तो फार तर एफएमपुरता चालेल.

नॉर्वेने 2017 मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद केलं. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक रेडिओने 2024 च्या शेवटी तेच केलं, आणि त्याचे श्रोते घटले. आपल्याकडे घरोघरी साधेच सेट आहेत, तेव्हा घाई कोणीच करू नये.

मोबाइल ॲपवर आकाशवाणी उत्तम ऐकू येते, अगदी न्यू जर्सीतही. पण पुरात टॉवर बंद पडला की ॲपही बंद.

गाडी घेताना डीआरएम आधीच बसवलेलं असेल तर जरूर वापरा. घरासाठी मात्र मी थांबायला सांगेन. आईला मीडियम वेव्ह आणि एफएमचा, सेलवर चालणारा, मोठ्या बटणाचा सेट घेतला.