ज्युरिसप्रूडन्सला एक मोठा प्रोजेक्ट द्यावा की थोडं थोडं लिहून घ्यावं?

लॉ कॉलेजात नुकतीच शिकवायला लागलेली एक मैत्रीण विचारत होती, ज्युरिसप्रूडन्सच्या (म्हणजे कायद्याच्या तत्त्वज्ञानाच्या) इंटर्नल मार्कांसाठी सेमिस्टरच्या शेवटी एकच मोठा प्रोजेक्ट ठेवू की दर पंधरा दिवसांनी एकेक पान लिहून घेऊ. दोन्ही करून हात पोळलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

मोठा प्रोजेक्ट मास्तरांना सोपा, विषय एकदाच वाटायचे आणि एकदाच तपासायचे. पण हातात येतं काय, तर स्पायरल बाइंडिंग, ऋणनिर्देश आणि "अनादी काळापासून मानव न्यायाच्या शोधात आहे". मग कायद्याच्या तत्त्वज्ञांपैकी ऑस्टिन काय म्हणतो, हार्ट काय म्हणतो, फुलर काय म्हणतो, आणि पोरगी स्वतः काय म्हणते तर शेवटच्या ओळीत "दोन्ही विचार आपापल्या जागी महत्त्वाचे आहेत". (आता चॅटजीपीटी आल्यापासून तेवढंही तिचं असेलच असं नाही.) आपण लाल पेनने काय लिहिलं ते कुणी बघत नाही, मार्क लागले की विषय संपला.

एका पानाचं काम वेगळं. हार्टने १९५८ मध्ये दिलेलं उदाहरण घे, बागेत वाहनांना बंदी, मग सायकल चालेल का, खेळण्यातली मोटार चालेल का? त्यावर फुलरने त्याच वर्षी विचारलं, की दुसऱ्या महायुद्धातला चालू स्थितीतला ट्रक कुणी स्मारक म्हणून चौथऱ्यावर चढवला तर? ३०० शब्द, एकच भूमिका, आणि समोरचा काय म्हणेल तेही त्यातच. माझ्याकडे एकाने लिहिलं, "नियमाचा हेतू सुरक्षितता आहे म्हणून ट्रक चालेल". मी समासात एवढंच विचारलं, हेतू सुरक्षितता हे तुला नियमात कुठे दिसलं? दुसऱ्या ड्राफ्टमध्ये गडी म्हणाला, नियमात हेतू लिहिलेलाच नाही, तो शांतताही असू शकतो, उभ्या ट्रकने दोन्हीला धक्का लागत नाही पण इंजिन चालू ठेवून उभी असलेली आइस्क्रीमची गाडी शांततेच्या हिशोबाने बाहेर जाते. आइस्क्रीमची गाडी ना हार्टची ना फुलरची, त्याची स्वतःची, आणि मला तेच हवं होतं.

आता दुखणं. ६० पोरं, पाच पानं, प्रत्येकाचे दोन ड्राफ्ट म्हणजे ६०० पानं, पानाला पाच मिनिटं धरली तरी ५० तास, आणि त्याचे जादा पैसे कुणी देत नाही. मी मग पानाला एकच प्रश्न लिहायला लागलो, व्याकरणाला हातच लावत नाही. मराठीतून लिहायचं असेल तर लिहू दे, इंग्रजीच्या धाकाने पोरं वाक्य उचलतात.

मोठ्या पेपरचीही जागा आहे हं. एडीएम जबलपूर (१९७६), म्हणजे आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात जाता येतं का हा खटला, त्यातला न्या. खन्नांचा एकट्याचा विरोधी निकाल, समोर बाकीचे चौघं, आणि पुढे २०१७ च्या पुट्टास्वामी निकालात (खासगीपणाच्या हक्काचा खटला) त्या चौघांचं म्हणणं चूक ठरलं, हे सगळं एका पानात कोंबायला गेलीस तर नुसता सारांश येईल. पुढे एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) करणाऱ्यांना तर हे हवंच.

तर ६० च्या आत वर्ग असेल तर बिनधास्त पानं घे. १२० असतील तर तीनच पानं, आणि त्यातलं जे त्यांना स्वतःला आवडलं असेल तेच वाढवून शेवटी १५०० शब्द, नवीन विषय द्यायचा नाही. आणि बाइंडिंग नको म्हणून पहिल्याच दिवशी सांग, स्टेपलर पुरे.