पंचगंगेची पातळी अजून आलीच नसेल तेव्हा: अनडिफाइन्ड स्टेट हाताळण्याच्या पद्धतींची तुलना

पावसाळ्यात कोल्हापूरकरांचे लक्ष पंचगंगा नदीच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीकडे असते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी नदीकाठच्या बहुतेकांना पाठ असते. हीच पातळी दाखवणारा छोटा रिअ‍ॅक्ट कंपोनंट (वेबपानाचा एक तुकडा) टाइपस्क्रिप्टमध्ये, म्हणजे किमतींचे टाइप तपासणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये, लिहायला घेतला, की पहिल्याच रेंडरला (तो पडद्यावर काढताना) अडचण येते. युजस्टेट या बदलती किंमत (स्टेट) सांभाळणाऱ्या रिअ‍ॅक्टच्या हुकला नंबर हा टाइप सांगितला, पण सुरुवातीची किंमत दिली नाही, तर स्टेटचा टाइप ‘नंबर किंवा अनडिफाइन्ड (किंमतच नाही)’ असा होतो आणि त्या किमतीची ३९ शी तुलना करताच एडिटर लाल रेघ ओढतो. (रेघ दिसतच नसेल, तर २०१६ मध्ये टाइपस्क्रिप्ट २.० बरोबर आलेले स्ट्रिक्ट-नल-चेक्स (नसलेल्या किमती पकडणारे सेटिंग) बंद आहे. ते आधी सुरू करावे.) रेघ घालवण्याचे मार्ग अनेक आहेत. माझ्या मते त्यांतून निवड करताना एकच गोष्ट पाहावी: ‘पातळी अजून माहीत नाही’ हे वाचणाऱ्यापर्यंत पोहोचते की वाटेतच गडप होते?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सुरुवातीला शून्य ठेवणे. कंपायलर (कोड तपासून जावास्क्रिप्ट बनवणारा प्रोग्रॅम) लगेच गप्प होतो, पण शून्य हे ३९ पेक्षा कमी असल्यामुळे सर्व्हर रात्रभर बंद राहिला तरी स्क्रीनवर ‘० फूट, सुरक्षित’ अशी हिरवी पट्टी झळकत राहते. शोधाच्या चौकटीतल्या मजकुरासाठी रिकामी स्ट्रिंग हे खरोखरच योग्य डिफॉल्ट आहे, कारण तिथे रिकामे असणे हीच खरी स्थिती असते; मोजलेल्या आकड्याला मात्र असे डिफॉल्ट नसते.

उद्गारचिन्हाचा मार्ग याहून फसवा आहे. नावापुढचे ! म्हणजे ‘किंमत आहे, विश्वास ठेव’ असे कंपायलरला दिलेले नुसते आश्वासन असते. जावास्क्रिप्ट तयार होताना ते पुसले जाते आणि चालू प्रोग्रॅममध्ये कोणतीही तपासणी होत नाही. किंमत नसताना टूफिक्स्ड (ठरावीक दशांशांत आकडा लिहिणारे फंक्शन) बोलावले तर एरर येतो, आणि तो अडवणारी एरर बाउंड्री नसेल तर रिअ‍ॅक्ट सगळे पान उतरवून पांढरी स्क्रीन ठेवतो. तरीही तेवढे निदान दिसते तरी. नुसती तुलना असेल, तर अनडिफाइन्ड ३९ पेक्षा मोठे नसते आणि पुन्हा हिरवी पट्टीच येते.

२०१९ मध्ये टाइपस्क्रिप्ट ३.७ ने आणलेली ?. (किंमत नसेल तर तिथेच थांबणारे) आणि ?? (किंमत नसेल तर पर्याय देणारे) ही चिन्हे दाखवण्याच्या कामात उपयोगी आहेत. केवळ ?. वापरले तर आकड्याची जागा रिकामी राहून ‘फूट’ एवढाच शब्द उरतो, पुढे ?? लावून ‘नोंद नाही’ असे लिहिले की काम भागते. इथे ?? ऐवजी || लिहिण्याची जुनी सवय महागात पडते: गगनबावड्यात खरोखर ० मिलिमीटर पाऊस झाला असेल, तरी || शून्याला रिकामे समजून ‘नोंद नाही’ दाखवेल.

त्याच किमतीवर निर्णय घ्यायचा असेल, तर सुरुवातीलाच तपासून परत फिरणे बरे: किंमत अनडिफाइन्ड असेल तर ‘माहिती येत आहे’ दाखवून रिटर्न करावे. मात्र हा रिटर्न युजस्टेटसारख्या सर्व हुक्सच्या खाली हवा. युजस्टेटमधून काढलेले नाव कॉन्स्ट (पुन्हा बदलता न येणारे) असल्यामुळे तपासणीनंतर => चिन्हाने लिहिलेल्या अ‍ॅरो फंक्शनमध्येही कंपायलर त्याला निव्वळ नंबर मानतो. फंक्शन हा शब्द वापरून घोषित केलेल्या फंक्शनमध्ये ही सवलत मिळत नाही, हे पुष्कळांना उशिरा कळते.

ही तपासणी एका बाबतीत तोकडी पडते. अनडिफाइन्ड म्हणजे माहिती येते आहे की मागवताना चूक झाली, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी मग ‘लोडिंग’ आणि ‘एरर’ अशी दोन बुलियन (खरे किंवा खोटे) स्टेट जोडली जातात आणि दोन्ही एकदम खरी होण्याची शक्यता शिल्लक राहते. डिस्क्रिमिनेटेड युनियन, म्हणजे एका फील्डवरून ओळखू येणाऱ्या अनेक प्रकारांचा मिळून एक टाइप, वापरला तर त्यात स्थिती हे एकच फील्ड ‘येत आहे’, ‘चूक’ किंवा ‘मिळाली’ असे असते आणि पातळी फक्त ‘मिळाली’ या प्रकारातच असते. स्थिती तपासल्याशिवाय आकड्याला हातच लावता येत नाही. लिहावे जास्त लागते. एका लेबलसाठी मी हा खटाटोप करणार नाही, इशारा देणाऱ्या पट्टीसाठी नक्की करेन.

अ‍ॅरेच्या (यादीच्या) बाबतीत वेगळी सावधगिरी हवी. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आहेत. उघड्या दरवाजांची यादी रिकामी असताना तिचा पहिला घटक मागितला, तर मिळते अनडिफाइन्ड, पण कंपायलर तो खुशाल नंबर समजतो आणि रेघ येतच नाही. टाइपस्क्रिप्ट ४.१ पासून असलेला नो-अनचेक्ड-इंडेक्स्ड-अ‍ॅक्सेस हा पर्याय स्ट्रिक्ट या एकत्रित सेटिंगमध्ये धरलेला नाही, तो वेगळा सुरू करावा लागतो.

युनियनच्या बाजूने मला सर्वांत वजनदार वाटणारे कारण दुसऱ्या फेरीत दिसते. दुपारची नोंद ३८ फूट आली आणि संध्याकाळची मागणी फसली, तर जुना आकडा पुसायचा नसतो आणि ताजा म्हणून मिरवायचाही नसतो. युनियनमध्ये ‘जुनी’ हा चौथा प्रकार पातळी आणि नोंदीची वेळ यांसह जोडला, आणि प्रकारानुसार वाटा ठरवणाऱ्या स्विचच्या शेवटी नेव्हर (इथे कोणताही प्रकार उरत नाही असे सांगणारा टाइप) याची तपासणी ठेवलेली असली, तर हा नवा प्रकार हाताळायचा राहिलेल्या प्रत्येक जागी कंपायलर स्वतः बोट ठेवतो.